भूकंपाचा शॉट

औशात डाळमिलमागच्या गोदामात
गुणवंत बिराजदारांनी गाव मांडलं:
फळीवर सोळा घरं, हरभऱ्याएवढे दगड,
वर दोन बोटं मातीचं माळवद.
फळीखाली जीपचे पाटे, आणि हलवायला मी.

पहिला टेक. दिग्दर्शक म्हणाला, खेळणं पडल्यासारखं दिसतंय.
कॅमेरा जोरात पळवा, बिराजदार म्हणाले,
पडद्यावर संथ पडेल.
लहान वस्तूला वजन असंच येतं.
मग चाळलेली राख, शहाबादी फरशीची भुकटी.
पण धूळ आधी उडवू नका.
आधी कुत्री गप्प होतात.
मग उतरंड वाजते.
मग माळवद खाली बसतं,
थकलेलं जनावर बसावं तसं.
धूळ शेवटी.

तुम्हाला कसं माहीत, कुणी विचारलं नाही.
ते नव्या गावातले, पुनर्वसनातले.
जुन्या गावात आता बाभळी आहेत.

तिसऱ्या टेकला टाळ्या पडल्या.
बिराजदार वाकून ढिगाऱ्यात बोट फिरवत होते.
कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा तेराव्या घरात
त्यांनी सुताचा पाळणा टांगला होता,
हे मलाही तेव्हाच कळलं.

सापडला.
फुंकर मारली, राख गेली.
"उद्या परत लागेल," म्हणाले,
आणि वरच्या खिशात ठेवला.