दुसरी रेघ

डॉक्टर ओयार्सूननी पट्टी आधी खिडकीपाशी नेली,
मग दिव्याखाली,
मग माझ्याच हातात दिली.
तुमची नजर चांगली आहे, दोन्या एल्सिरा, तुम्हीच बघा.

एक रेघ ठळक. ती असायचीच.
दुसरी,
धुवून धुवून उरलेल्या चहाच्या डागाएवढी,
बघितली तर आहे,
टक लावून बघितली तर नाही.

म्हणजे आहे का?
म्हणजे बारा आठवड्यांनी या.

फोस्फोरोला मी मे महिन्यात उचलून आणला,
आमच्या टेकडीच्या जिन्यावरून, एकशे चौदाव्या पायरीवरून,
ओला, काडेपेटीएवढा, म्हणून ते नाव.
अठरा सप्टेंबरच्या पताका उतरायच्या आत तो गेला.
रक्तातला आजार, म्हणाले.
थुंकीतून जातो.
आणि माझ्या घरात चार महिने
तिघं एका ताटलीत खात होती,
एकमेकांचे कान धूत होती.
मी बघत बसायचे, म्हणायचे, किती माया.

आता तीसा झोपायच्या खोलीत, ओलिवा स्वयंपाकघरात.
तीसाची ती पुसट रेघ.
सान्तियागोला पाठवलेलं रक्त म्हणतं, काही नाही.
ओलिवाची पट्टी कोरी,
पण कोरी म्हणजे अजून वेळ झाली नसेल, असंही असतं.
दोन कागद, दोघांवर शिक्के,
आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

निबाल्दो कुंपणावरून सांगतो, एक देऊन टाक.
कोणती, ते सांगत नाही.
आमच्याकडे मांजराला सात जन्म.
परदेशी खलाशी नऊ म्हणायचे.
दोन कस्टममध्ये अडकले असतील.

एकतीस वर्षं मी बंदराच्या कचेरीत नोंदवही लिहिली.
आलेली जहाजं, गेलेली जहाजं.
धुक्याच्या दिवशी भोंगा ऐकू यायचा,
अगदी कानाशी,
पण दोन दोन दिवस जहाज दिसायचं नाही.
दिसल्याशिवाय नोंद नाही, दोन एवारिस्तो बजावायचे.
मी समासात पेन्सिलीने लिहून ठेवायचे:
आवाज येतोय.

एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना
साबणाने कोपरापर्यंत हात धुते.
पाठीला भेगा पडल्यात हाताच्या.
वाट्या वेगळ्या, चादरी वेगळ्या,
रात्री दाराच्या फटीतून एक पांढरा पंजा बाहेर येतो,
पलीकडून करडा.
मी दिवा मालवते.
मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात,
इथे डोळे मिटायचं काम माझ्याकडे आलंय.

सातव्या आठवड्यात, पहाटे चारला, जमीन हलली.
फार नाही, कपाटातली भांडी बोलायला लागतील इतकी.
लहानपणापासून अंगात मुरलेलं:
आधी दारं उघड, चौकट अडकायच्या आत.
मी उघडली. सगळी.
विचार केला नाही. विचार करायला जमीन थांबत नाही.

मग अंधारात उभी,
नाइटगाउनमध्ये, अनवाणी,
आणि आठवलं.

पलंगाखाली वाकून बघितलं.
ओलिवा तीसाचा डावा कान धूत होती,
सात आठवड्यांची थकबाकी असल्यासारखी,
मुळापासून टोकापर्यंत, परत मुळापासून.
तीसाचे डोळे मिटलेले.
ओढून वेगळं करायला हात पुढे केला होता मी.
तो तसाच राहिला, गार फरशीवर.

कुंपणापलीकडून निबाल्दो ओरडला:
एल्सिरा! काही फुटलं का?

एक कप, म्हटलं.
बाकीचं अजून कळायचंय.

आठला दवाखाना उघडल्यावर फोन केला.
मोजणी आता कुठून, डॉक्टर?
पलीकडे बराच वेळ कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.
आजपासून, ते म्हणाले. दोघींची.
रागावले नाहीत. रागावायला हवं होतं.

दोन वाट्या ठेवल्या जमिनीवर.
एकीतच तोंडं घातली दोघींनी.
दुसरीतलं मासळीचं पाणी सुकत चाललंय,
आणि मी कॅलेंडरपाशी पेन्सिल शोधतेय,
आत्ता इथेच होती.