ठिपक्याचा गिलास

ठिपका मीच लावला होता,
पोरीच्या नेलपॉलिशचा, गिलासाच्या बुडाशी,
पंचफुला नागपूरहून परत आली त्या सांजेला.
लाव असं कुणी म्हटलं नव्हतं.
नको लावू असंही कुणी म्हटलं नाही.

गाठ आधी बोराएवढी होती.
रोवण्याच्या चिखलात उभी राहून जाऊ मला म्हणाली,
"दुखत नाई, मंग कायची बिमारी?"
मीही मान हलवली.
आमच्याकडे दुखतं तेच दुखणं.

दिवाळीपर्यंत बोराचं लिंबू झालं,
तशी चक्कीवर पिठासोबत गोष्ट उडाली:
सुरी लागली का पसरते म्हणे.
पल्याडच्या डोमाजीले फाडलं, आन् महिन्यात गेला.

महिना सगळ्यांनी मोजला.
त्याआधीची दोन वर्षं
तो तोंडातल्या जखमेला हळद लावून,
खर्रा दुसऱ्या गालात धरून हिंडला,
ती कुणाच्या बोटांवर आली नाहीत.

पंचफुला तरी गेली. भाच्यानं नेली, भांडून.
आली तेव्हा एक बाजू सपाट,
आणि पदर घसरला की टाळूवर हात फिरवून हसायची.
मी ताट लांबून सरकवलं.
धाकट्याला डोळ्यांनी दटावलं, मांडीवर नको.
ठिपका पाहून ती एवढंच बोलली,
"रंग बरा हाय व. पोरीचा का?"

शेजारची सखू नेवारे
रोज आमच्या ओसरीत धान पाखडायला यायची.
गिलास तिच्या समोरच असायचा,
बाकीच्या भांड्यांपासून हातभर दूर, पालथा.

पोलक्याआड तिनं काय झाकलं होतं
ते वर्षभर तिच्या घरधन्यालाही कळलं नाही.
आशाताईनं विचारलं, "काहून नाई सांगतलं व?"
सखूनं माझ्याकडे पाहिलं नाही.
सुपाकडे बघत म्हणाली,
"मले येगळा गिलास नोको होता."

पंचफुला यंदा पुन्हा बांधीवर येते,
धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंढ्या पुढे देते.
सखूची तेरवी मागच्या मंगळवारी झाली.

ठिपका राखेनं जात नाही.
चिंचेनं नाही, घासलेटनंही नाही.
नखानं खरवडते, तर थोडा निघतो
आणि नखातच बसतो.

काल पंचफुलानं अर्धा पिऊन
तोच गिलास माझ्यापुढे धरला.
मी घेतला.
ओठाशी नेताना जराशी थांबले.
मग प्यायले सगळं.

ते थांबणं तिनं पाहिलं.