टाकी ते टाकी

पंपावरचा पोरगा पहिल्या कटला थांबतो.
"राउंड फिगर करू, काका?"
नको. मला दशांश हवा असतो.

डॅशबोर्ड म्हणतो अठरा पॉइंट सहा,
वही म्हणते चौदा पॉइंट दोन.
गाडीही लग्नातल्या मामीसारखी,
लेकाचा पगार जरा वाढवूनच सांगते.

खालच्या मजल्यावरचे तुंगारे, त्यांची वीस देते.
देईल. रविवारी पहाटे पाम बीच रोड,
एकटा माणूस, काचा खाली, एसी बंद.
आम्ही चौघं, डिकीत पेणच्या तांदळाची गोणी
आणि उरण फाट्यावर पस्तीस मिनिटं.

पानं चाळताना हेमांगीचं बोट अडतं:
"हे नऊ पॉइंट एक?"
ऑगस्ट. सीवूड्सच्या मागचा रस्ता,
ती स्टिअरिंगवर, पहिला गिअर,
क्लच अर्धा दाबलेला, आणि मी:
"अगं, पेट्रोल जळतंय नुसतं!"
ती उतरून चालत नेरूळपर्यंत गेली होती,
मी मागून, तिच्याच वेगानं, गाडी घेऊन.
ते अंतरही धरलंय हिशेबात.

"नंतरचा महिना बघ," ती म्हणते.
पंधरा पॉइंट तीन. अक्षर तिचं.
मी पेनाचं टोपण शोधत राहतो.