जप्ती

गेंटला कालव्याकाठी गोदेलीव दे विल्डेचं दुकान.
तिथं चार हजार झेंडे शिवले गेले
एका दूरच्या देशाच्या रौप्यमहोत्सवासाठी.
आगाऊ रक्कम आली, तेवढीच.
बाकीसाठी अकरा वर्षं
गोड पत्रं, नवेनवे मंत्री, वाटाण्याच्या अक्षता.

शेवटी तिनं त्या सरकारवर दावा ठोकला,
इथंच, आपल्या गावच्या कोर्टात,
जिथं एरवी कुंपणांचे आणि कुत्र्यांचे तंटे चालतात.

पलीकडचा वकील उठला, कोटाची बटणं लावली.
सार्वभौम राष्ट्राला परक्या कोर्टात खेचता येत नाही.
आणि झेंडा, न्यायमूर्ती, झेंडा म्हणजे तर
साक्षात सार्वभौमत्व.

गोदेलीवला फारसं बोलता येत नाही.
तिनं पिशवीतून टेप काढली, टेबलावर ठेवली.
"मी मीटरच्या भावानं कापड विकलं, बाई.
सार्वभौमत्व त्यांनी नंतर घातलं असेल.
माझ्या बिलात ते नाही."

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. लिहीत राहिल्या.
हा साधा व्यवहार आहे. व्याजासकट द्या.

मग कागद माझ्याकडे आला.
मी बेलिफ. सव्वीस वर्षं जप्त्या केल्यात,
फ्रीज, पियानो, एकदा तर गाभण घोडी.
ब्रसेल्सला गेलो. पत्ता बरोबर होता.

दूतावासाची गाडी: हात लावायचा नाही.
बँकेतलं खातं: ते राजनैतिक कामाचं.
खुर्च्या, दिवे, दारावरची पितळी पाटी,
सगळ्यालाच कसलं ना कसलं कवच.
एका तरुण सचिवानं कॉफी पाजली, चांगली होती.
"हा कपसुद्धा जप्त होत नाही हं," म्हणाला.
चार महिने त्यालाही पगार नव्हता,
हे त्यानं जिन्यात सांगितलं, हळू आवाजात.

बाहेर ती उभी, समोरच्या फुटपाथवर.
येऊ नका म्हटलं होतं मी.
गच्चीवरच्या काठीला तिचाच झेंडा,
लाल रंग उडून विटकरी झालेला.
मी दोन्ही हात पसरून दाखवले.
तिचं लक्ष नव्हतं.

"खालचा कोपरा उसवलाय," ती म्हणाली.
"तिथं मी नेहमी दुहेरी टीप घालते.
हा राहिला कसा?"

आणि पर्स उघडून
सुई सापडते का
बघायला लागली.