पहिलं प्रकरण

त्सियालाला कविता सुचेनाशी झाली
त्याला आता दोन हिवाळे झाले.
वहीत औषधांचा हिशेब
आणि एक ओळ, बहुधा दुसऱ्या कुणाची.

"मग रहस्यकथा लिही," बहीण म्हणाली,
"त्यात सुचायचं काय? माणूस मेला की झालं."

कुटाइसीत, रिओनीच्या पुलाजवळ
मारायला तिने निवडला ओतिया,
भट्टीत कमरेपर्यंत वाकून
तापल्या भिंतीला पाव थापणारा.
पहाटे चार. मागून धक्का.
पाच पानं सरसर झाली.
त्या रात्री झोपही लागली,
लाज वाटावी इतकी गाढ.

सकाळी दुकानात ओतिया हजर.
कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग,
पापण्यांवर पीठ.
"आज उशीर?" म्हणत त्याने
कागदात गुंडाळून दिला तिच्या वाटचा पाव,
एका टोकाला करपलेला, तिला आवडतो तसा.

तिने पैसे जरा जास्तच दिले.

घरी येऊन खून खोडला नाही, लांबवला.
मारेकऱ्याला उंबऱ्यात उभं केलं
त्या पिठाकडे बघत.

तो अजून तिथेच आहे.
पाव फुगतोय.
आणि पानावर ओळी होत चालल्यात आखूड,
उजवीकडे कितीतरी जागा
कोरी.