शुद्धिपत्र

गंगावेशीतल्या छापखान्यात
बावीस वर्षं मी मुद्रितं तपासतो.
माझ्या हाताखालून मेलेली माणसं पुष्कळ गेली,
आपापल्या ऱ्हस्वदीर्घांसकट.

कादंबरीत थडग्यापाशी बारमाही तिन्हीसांज असते.
शेवाळ, घुबड,
आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात
कुणीतरी गुडघे टेकून एकदाचं खरं बोलतं.
इतिहासात दिशा असतात.
घाटाच्या उत्तरेस. चौथरा पाच हात. लेख अवाच्य.
आणि मेलेला कोण, यावर शब्द ठरतो:
राजाची समाधी, सरदाराची छत्री,
वस्तादाची कबर, गोऱ्या सायबाचं थडगं.
इंगवले गुरुजींनी सहाशे पानांत
हे कटाक्षानं पाळलेलं. एकदाही चुकले नाहीत.

पान दोनशे बारा, तळटीप चार.
'रेसिडेन्सीच्या सर्जनची मुलगी, वय दहा महिने.
थडगे नष्ट झाले.'

'नष्ट' बरोबर होतं. पोटफोड्या ष, खाली ट.
तरी रविवारी सायकल काढली.

रेल्वे फाटकापलीकडं, गंजक्या दारामागं
रूथबाई समुद्रे शेळीला पाला टाकत होती.
चिठ्ठी दाखवली. तिनं ती उलटीच धरली.
"नष्ट? कुणी सांगितलं?
मी रोज पुसतो की त्याला फडक्यानं!"
आणि नेलं बोट धरल्यासारखं
सीताफळीच्या मागं.
दगडावर धुवट लुगडं,
लुगड्यावर ज्वारीचे सांडगे, दीडशे तरी असतील.
"ऊन हितं सगळ्यात चांगलं पडतंय.
पोरगी गुणाची हाय, कावळा येऊ देत न्हाई."
एक कोपरा उचलला तिनं.
खाली ह हॅरिएटचा, इंग्रजी, दोन खांबांचा,
मधल्या आडव्या रेघेत मिठाचा कण.
सांडगे ओले होते, म्हणून पुढचं नाव
वाचता आलं नाही.

गुरुजी आरामखुर्चीत, पायाला पट्टी.
"ऱ्हाऊ दे गा," म्हणाले,
"नष्ट म्हटलं की प्रकरण कसं बरं संपतंय.
सांडग्यानं संपवू काय?"
पुस्तक त्यांचं. मी मान हलवली.

आता जे सांगणार नव्हतो ते.
आम्ही तीन भावंडं, असं आम्ही सांगतो.
माझ्या आधी एक होती, सव्वा महिन्याची.
तिला जाळली नाही. तेवढ्या लहानाला जाळत नाहीत.
घाटाच्या खालच्या अंगाला, करंजाखाली
बापानं कुदळीनं, रात्री.
समाधी नाही, छत्री नाही, कबर नाही, थडगं नाही.
आमच्यात त्याला नाम नाही, नुसतं क्रियापद आहे:
पुरली.
आई दर अमावास्येला जायची, करंजाशी उभी राहायची,
ओंजळभर दूध ओतून परतायची.
एका महापुरात करंज गेला.
मग ती शेवटच्या दीपमाळेपासून पावलं मोजू लागली.
कुठल्या आधारावर, ते विचारलं नाही.
आईला संदर्भ मागायची
माझी कधी छाती झाली नाही.

पुस्तक बांधून झालं. तीनशे प्रती.
डकवायचं शुद्धिपत्र तेवढं माझ्या अखत्यारीतलं,
गुरुजी ते कधीच वाचत नाहीत.
पृष्ठ ४१, 'पुर' ऐवजी 'पूर'.
पृष्ठ १३०, 'किल्लेदाराचि' ऐवजी 'किल्लेदाराची'.
पृष्ठ २१२, तळटीप ४,
'नष्ट झाले' ऐवजी 'वाळवणाखाली आहे' असे वाचावे.

त्याखाली अजून एक ओळ जुळवली होती मी.
पृष्ठ नाही, तळटीप नाही,
कशाऐवजी काय वाचावे, तेही नाही.
दीपमाळेपासून एकोणीस पावलं.

छपाईआधी काढून टाकली.
ती आईची पावलं.
मी जाऊन मोजली, तर माझी चौदा भरतात,
आणि चौदाव्यावर कुणाची तरी म्हैस बसलेली असते.