शुद्धिपत्र नसलेली प्रत

ब्र्नोच्या भाजीबाजारामागे
झेलिंकाच्या दुकानात उतरायला सात पायऱ्या.
आठवी उंदरांची, असं तो म्हणतो.
एकतीस वर्षं उतरतोय मी.

मला नकाशे नकोत, कविता नकोत.
मला हवा संताप, पहिल्या छपाईचा :
पोपला सात शेपट्या काढलेलं चार पानी चोपडं,
त्याला उत्तर म्हणून पाखंड्यांना
डुकरावर उलटं बसवणारं आठ पानी,
आणि आपल्याच शतकातली ती तांबड्या शाईची पत्रकं,
ज्यांत बटाट्यावरचा किडासुद्धा परक्यांचा हेर.

दुसरी आवृत्ती मी घेत नाही.
तोवर माणसं शहाणी झालेली असतात,
विशेषणं मोजून, तळाला परवानगीचा शिक्का.
पहिलीत कुणीतरी रात्री दोनला
शेजाऱ्याच्या नाशाचा मजकूर सांगतोय
आणि जुळारी अर्धा झोपेत.

एकदा एका प्रार्थनापुस्तकाची बांधणी उसवली.
पुठ्ठ्याच्या पोटात, खळीत थिजलेलं,
त्याच पंथाला शिव्या घालणारं पान निघालं.
बांधणाऱ्याला कागद हवा होता, एवढंच.
तीनशे वर्षं स्तोत्र आणि शिवी
गालाला गाल लावून निजलेली,
एकीची शाई दुसरीवर उलटी उमटलेली.
"आपल्यासारखंच की," यार्मिला म्हणाली.
मी वाफ देऊन दोन्ही सोडवली,
वहीत वेगळ्या रकान्यांत मांडली.

मग या नोव्हेंबरात झेलिंकाने
पिवळं पाकीट पुढे सरकवलं.
'घरातले साप'. सोळा पानं, एक्कावन्न साल.
दुसरी आवृत्ती रस्त्यावर मिळते, एका बिअरच्या भावात.
पहिली तीन आठवड्यांत परत मागवून लगद्यात घातली.
"खूण ठाऊक आहे ना?"
पान अकरा, खालून चौथी ओळ :
मातौश क्रुपा.
हवा होता क्रुपका.

एक क गळाला. मुद्राराक्षसाची थट्टा,
तिच्यामुळेच किंमत चाळीसपट.
भिंग धरलेला हात थरथरला,
आनंदाने. खोटं कशाला बोलू.
कडा न कापलेल्या, टाचण्या मूळच्या,
कसर फक्त शेवटच्या घोषणेला लागलेली.

"या क्रुपाचं काय झालं?"
मी पैसे मोजता मोजता विचारलं.
"पियानो सुरात लावायचा म्हणे.
पत्रक निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी नेला.
मग नाव दुरुस्त केलं त्यांनी."
माणसाचं शुद्धिपत्र निघाल्याचं
झेलिंकाच्या ऐकिवात नव्हतं.

रात्री वहीत लिहिलं : क नाही. अतिदुर्मीळ.
यार्मिला खांद्यावरून वाचत होती.
"बिचारा," ती म्हणाली,
आणि भांडी आवरायला गेली,
आणि तिथूनच, पाण्याच्या आवाजावरून :
"आणि तो क्रुपका?
त्याचं तर नाव बरोबर छापलं ना?"

मी दिवा मालवला नाही.
पांढऱ्यावरचं काळं बघत बसलो.
क घातला तर एक जातो,
काढला तर दुसरा,
आणि मी इतकी वर्षं
फक्त गाळलेल्या अक्षरांचे भाव लावलेले.

सकाळी पुन्हा सात पायऱ्या.
"दुसरी आवृत्ती आहे का?"
झेलिंकाने चष्मा कपाळावर नेला.
"तुम्हाला?"
मग बाहेरच्या खोक्यातून,
पावसाने फुगलेली, कुणीतरी वर कप ठेवलेली,
एक प्रत काढून दिली.
पैसे घेईना.
मी ठेवले.